टाकी मुरू द्यावी, मग गोल्डफिश आणावा

दुकानातून गोल्डफिश आणि काचेचा गोल बाऊल एकाच फेरीत घरी आणणे, ही या छंदाची सर्वांत प्रचलित आणि सर्वांत चुकीची सुरुवात आहे. माझीही तशीच झाली होती. आणलेल्या दोन माशांपैकी एक सहाव्या दिवशी गेला आणि दुसरा नवव्या दिवशी. त्या नऊ दिवसांत मी बाऊलमधले सगळे पाणी तीनदा ओतून देऊन बाऊल घासून लख्ख केला होता, त्यामुळे आपली निगा कुठे कमी पडली हे काही केल्या उमगेना. पुढे कळले की माशांना ज्या जिवाणूंचा आधार मिळायचा, त्यांना त्या बाऊलमध्ये ना जागा होती, ना वाढायला वेळ. म्हणून खालील पायऱ्यांचा क्रम उलटा वाटला, तरी तो तसाच पाळावा: टाकी आज मांडावी आणि मासा साधारण दीड महिन्याने आणावा.

गोल्डफिश हा कार्प कुळातला मासा असून चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) तो शोभेसाठी पाळला जाऊ लागला. त्याला जठर नसते. खाल्लेले अन्न थेट आतड्यात जाते, त्यामुळे तो दिवसभर काही ना काही चघळत असतो आणि तितकीच घाणही करतो. शिवाय श्वासाबरोबर कल्ल्यांतून तो अमोनिया बाहेर टाकत राहतो, आणि कोंडलेल्या पाण्यात हाच अमोनिया त्याच्या जिवावर उठतो. नीट सांभाळल्यास गोल्डफिश दहा ते पंधरा वर्षे सहज जगतो. ब्रिटनमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक मासा १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगल्याची नोंद आहे. इटलीतील रोम शहराने तर २००५ मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवण्यावरच बंदी घातली. आपल्याकडे तसा दंडक नसला, तरी बाऊल विकत घेऊ नये.

पहिली पायरी : टाकीचा हिशेब

दुकानात टाकी फुटांत किंवा इंचांत मोजली जाते, माशाला मात्र लिटर लागतात. लांबी, रुंदी आणि उंची इंचांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्याला ६१ ने भागावे. उत्तर लिटरमध्ये मिळते. ३० × १५ × १८ इंचांच्या टाकीचे उत्तर सुमारे १३२ लिटर येते, पण वरची दीड-दोन इंच जागा मोकळी सोडायची असल्यामुळे प्रत्यक्षात ११५ ते १२० लिटर पाणी बसते. पहिल्या फॅन्सी, म्हणजे दुहेरी शेपटीच्या गोलमटोल गोल्डफिशसाठी ७५ लिटर आणि त्यानंतरच्या प्रत्येकासाठी ४० लिटर, हा हौशी लोकांत रुळलेला हिशेब मला अनुभवाने पटलेला आहे, आणि त्यानुसार या टाकीत दोन मासे सुखाने राहतात. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे घरात ठेवल्याने भरभराट होते, या फेंगशुईच्या सल्ल्यावरून काही जण दोन फुटी टाकीत नऊ मासे कोंबतात. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, परंतु वरच्या हिशेबाने नऊ माशांना जवळजवळ चारशे लिटर पाणी लागते, एवढे लक्षात घ्यावे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. काच धरून वरील टाकी दीडशे किलोच्या आसपास जाते, त्यामुळे ती शोकेसवर किंवा प्लायवूडच्या टीपॉयवर न ठेवता लोखंडी स्टँडवर ठेवावी, खाली थर्माकोलची शीट अंथरावी आणि टाकी सपाट बसली आहे की नाही हे गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलने पाहावे. खिडकीतले थेट ऊन टाळावे, कारण त्याने पाणी तापते आणि काचेवर हिरवे शेवाळ चढते. विजेच्या प्रत्येक वायरला बोर्डापर्यंत पोहोचण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी त्या झोळातून जमिनीवर ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही.

तळाशी रंगीत बारीक खडी घालण्याचा आग्रह दुकानदार धरतो. गोल्डफिश तळ उकरत, खडे तोंडात घेऊन थुंकत असतो, आणि वाटाण्याएवढा खडा त्याच्या घशात अडकल्याची उदाहरणे कमी नाहीत. नवख्याने तळ सरळ मोकळा ठेवावा. घाण दिसते आणि चटकन ओढून घेता येते. टोकदार शोभेच्या वस्तूही नकोत, विशेषतः बाहेर आलेल्या डोळ्यांचे मासे आणायचे असतील तर. वनस्पती हवीच असेल तर कडक पानांची अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला बांधून ठेवावी. मऊ पानांचे काहीही घातले तर ते दोन दिवसांत फस्त होते.

दुसरी पायरी : फिल्टर

सुटणाऱ्या बुडबुड्यांकडे पाहून अनेकांना वाटते की एअर पंप म्हणजेच फिल्टर. एअर पंप पाणी हलवून त्यात प्राणवायू मिसळायला मदत करतो. घाण आणि अमोनियाचा बंदोबस्त मात्र फिल्टरमधल्या स्पंजवर वाढणारे जिवाणू करतात. टाकीत जेवढे पाणी, त्याच्या पाच ते आठ पट पाणी तासाभरात फिरवणारा फिल्टर घ्यावा, म्हणजे वरच्या टाकीला तासाला ६०० ते ९०० लिटरचा. त्याच्या जोडीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर असावा, कारण तो स्वस्त आहे, सहसा बिघडत नाही आणि पुढे आजारी माशाच्या टबात उचलून टाकता येतो. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरते.

फिल्टर दिवसरात्र चालू राहिला पाहिजे. रात्री आवाज येतो म्हणून तो बंद करणे म्हणजे जिवाणूंचा प्राणवायू तोडणे होय.

तिसरी पायरी : पाणी

महापालिकेच्या पाण्यातले क्लोरीन माशाचे कल्ले जाळते आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारते. दुकानात ‘अँटीक्लोरीन’ या नावाने मिळणाऱ्या द्रावणात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते टाकीत जाणाऱ्या प्रत्येक बादलीत आधी मिसळावे. उघड्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून पाणी चोवीस तास ठेवले तरी साधे क्लोरीन उडून जाते. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, आणि सोसायटीची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली की त्यानंतरचे पाणी तर अधिकच तीव्र असते, म्हणून त्यानंतर निदान दोन दिवस माशांचे पाणी बदलू नये. बोअरचे जड पाणी गोल्डफिशला बहुधा मानवते, मात्र त्यात प्राणवायू कमी असू शकतो, तेव्हा ते रात्रभर बुडबुडे सोडून वापरावे. आरओचे पाणी ‘शुद्ध’ म्हणून घालण्याचा मोह टाळावा. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि त्यामुळे पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कतेचे माप) स्थिर राहत नाही. गोल्डफिशला ७ ते ८ दरम्यानचा पीएच आणि थोडे जड पाणीच भावते.

चौथी पायरी : टाकी मुरवणे

हौशी लोक याला ‘टाकी सायकल करणे’ म्हणतात. मला लोणच्यासारखी टाकी मुरते असे म्हणणे अधिक नेमके वाटते, कारण इथेही बाहेरून काहीच घडताना दिसत नाही आणि घाई केली की सगळे फुकट जाते. पाण्यात प्रथम अमोनिया साचतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, जे माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणापर्यंत निरुपद्रवी असते आणि पाणी बदलून काढता येते. हे दोन्ही जिवाणू हळूहळू वाढतात. पूर्ण साखळी जमायला चार ते सहा आठवडे लागतात.

कृती सोपी आहे. क्लोरीन काढलेले पाणी भरून फिल्टर सुरू करावा आणि टाकीत मासे आहेत असे समजून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणावा, वाटेत ओला ठेवावा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. दुधाला विरजण लावावे तसा त्याचा उपयोग होतो आणि निम्म्याहून अधिक वेळ वाचू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ दिसू लागले तर घाबरून ते ओतून देऊ नये. तो जिवाणूंचा तात्पुरता उठाव असतो आणि आपोआप निवळतो.

टाकी मुरली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी थेंबांची तपासणी किट घ्यावीच लागते. टाकीवर होणाऱ्या खर्चात लोक नेमकी हीच वस्तू वगळतात, आणि माझ्या मते दिवे आणि पार्श्वचित्र वगळून हीच आधी घ्यावी. अमोनियाच्या चाचणीत काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन सांगितलेले थेंब मोजून टाकतात, झाकण लावून हलवतात आणि पाच मिनिटे थांबतात. सर्रास मिळणाऱ्या किटमध्ये पाणी पिवळेधमक राहिले तर अमोनिया शून्य, आणि त्यात हिरवी छटा उतरली तर अमोनिया आहे असे समजायचे. नळी पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात धरून रंगपट्टीशी जुळवावी, कारण रात्री ट्यूबलाइटखाली पिवळाही हिरवट भासतो आणि मनाला हवा तो रंग दिसतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट मात्र दिसते आहे, असा निकाल लागोपाठ आठवडाभर आला, की टाकी मुरली. त्यानंतर निम्मे पाणी बदलून नायट्रेट खाली आणावे आणि मग बाजारात जावे.

पाचवी पायरी : मासा निवडणे

गोल्डफिशचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एकेरी शेपटीचे कॉमेट आणि शुबुनकिन चपळ असतात, फूटभर वाढतात आणि खरे तर तळ्यातच शोभतात. दुहेरी शेपटीचे ओरांडा, र्‍युकिन, ब्लॅक मूर, रांचू हे गोलमटोल आणि संथ; त्यांची वाढ साधारण सहा ते आठ इंचांची. दोन्ही गट एकत्र ठेवल्यास चपळ मासे संथ माशांच्या तोंडचा घास पळवतात. पहिल्या टाकीसाठी ओरांडा किंवा र्‍युकिन निवडावा; डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या असलेला बबल आय दिसायला कितीही आकर्षक असला, तरी नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडचे शोभेचे मासे मोठ्या प्रमाणात कोलकाता आणि चेन्नईच्या परिसरातून पॉलिथिनच्या पिशव्यांत प्रवास करून येतात, आणि मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्यासारख्या बाजारांत पोहोचेपर्यंत ते थकलेले असतात. ‘माल कधी आला?’ हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा, आणि काल-परवा आलेला मासा न घेता आठवडाभर दुकानात टिकलेला घ्यावा. टाकीसमोर दहा मिनिटे शांत उभे राहावे. मासा तिरका पोहतो का, पर अंगाला चिकटवून बसला आहे का, पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतो का, शेपटीत रक्ताच्या रेषा आहेत का, हे पाहावे. त्याच टाकीत एखादा मेलेला मासा तरंगत असेल तर तिथून निघावे. ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून हाती दिला जाणारा सकर मासा घेऊ नये. मोठा झाला की तो रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखतो आणि तिथे जखमा होतात.

दोन्ही मासे एकाच वेळी, एकाच टाकीतून आणल्यास त्यांना थेट मुरलेल्या टाकीत सोडता येते. पुढे तिसरा मासा आणायचा झाला, तर त्याला चाळीस-पन्नास लिटरच्या प्लॅस्टिकच्या टबात, स्पंज फिल्टर लावून, तीन ते चार आठवडे वेगळे ठेवल्याशिवाय आत घेऊ नये. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते; नंतर पिशवी उघडून टाकीतले पाणी पेलाभर, थोड्या वेळाने आणखी पेलाभर घालावे आणि मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. लांबून, अनेक तासांच्या प्रवासाने आणलेल्या माशाबाबत हा सोहळा लांबवू नये, कारण पिशवी उघडताच कोंडलेला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो, आणि पीएच एका अंकाने चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

खाऊ घालणे आणि आठवड्याची कामे

गोल्डफिश माणूस दिसला की काचेशी येऊन तोंड उघडतो, आणि घरातला प्रत्येक जण त्याला उपाशी समजतो. खाद्य घालण्याचे काम घरात एकाकडेच असावे. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. तरंगणाऱ्या गोळ्यांबरोबर मासा हवा गिळतो आणि गोलमटोल जातींचा त्यामुळे तोल जातो, म्हणून बुडणाऱ्या गोळ्या घ्याव्यात आणि त्या आधी मिनिटभर भिजवाव्यात. पाण्यात पडताच लाल रंग सोडणाऱ्या सुट्या, बिननावाच्या गोळ्या घेऊ नयेत. आठवड्यातून एक-दोनदा मटारचा दाणा उकडून, चिमटीत दाबून त्याचे साल काढावे आणि आतल्या दोन्ही डाळी चुरडून घालाव्यात. उकडलेला पालकही चालतो. एक दिवस उपास घडला तर उत्तम.

रविवारी मासे बादलीत काढून टाकी, खडी, फिल्टर सगळे साबणाने धुण्याची रीत बऱ्याच घरांत आहे, आणि दीड महिना मुरवलेली टाकी अशा एका रविवारी पुन्हा कोरी होते. आठवड्याला पाव ते एक-तृतीयांश पाणीच बदलावे. तळाची घाण सायफनच्या नळीने ओढून बादलीत घ्यावी आणि त्याच काढलेल्या पाण्यात फिल्टरचा स्पंज दोन-तीनदा पिळून परत बसवावा; नळाखाली तो कधीही धरू नये. नवे पाणी हाताला जुन्याइतकेच गार लागले पाहिजे. पहिले तीन महिने दर आठवड्याला चाचणी करावी: अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (दर लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) आत. निघालेले मळके पाणी कुंड्यांना घालावे. मोगऱ्याला ते फार मानवते, असा माझ्या गॅलरीचा अनुभव आहे.

उन्हाळा

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. १८ ते २४ अंश सेल्सिअस त्याला सुखाचे, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घरातल्या टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसातच. उलट त्या उष्णतेत माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. टाकीचे झाकण काढून वर जाळी बसवावी, पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा टेबल फॅन लावावा आणि दिवा बंद ठेवावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. कमी झालेले पाणी क्लोरीन काढूनच भरावे. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत. अगदीच नाइलाज झाला तर गोठवलेली बंद बाटली थोडा वेळ सोडावी आणि तापमापकावर नजर ठेवावी. थंडीत हीटरची गरज सहसा पडत नाही, फक्त खाद्य कमी करावे.

बिघाड ओळखणे

मासा वर येऊन धापा टाकू लागला किंवा कोपऱ्यात निपचित बसला, तर औषधाची बाटली उघडण्यापूर्वी पाणी तपासावे. अमोनिया किंवा नायट्राइट दिसल्यास ताबडतोब एक-तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. नवख्यांच्या टाकीतल्या बहुतेक दुखण्यांवर हाच पहिला उपाय असतो. ‘निळे औषध’ म्हणून दिले जाणारे मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत घालू नये, ते फिल्टरचे जिवाणूही मारते. वापरायचेच तर वेगळ्या टबात.

अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा अंग काचेला घासू लागला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग असतो. त्यावर आयोडीन नसलेले खडे मीठ, लिटरला तीन ग्रॅम, तीन भागांत बारा-बारा तासांच्या अंतराने, आधी पाण्यात विरघळवून घालावे आणि दहा ते चौदा दिवस टिकवावे. वनस्पती आधीच काढून ठेवाव्यात. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, त्यामुळे जेवढे पाणी बदलले तेवढ्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. मात्र ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीने असतील आणि मासा तरतरीत असेल, तर तो रोग नव्हे. वयात आलेल्या नराची ती खूण आहे. मी एका धडधाकट नराला यापायी दोन आठवडे खाऱ्या पाण्यात ठेवले होते.

मासा उलटा तरंगू लागला तर एक-दोन दिवस उपास आणि मग सोललेला मटार. खवले उभे राहून अंग देवदाराच्या फळासारखे दिसू लागले, तर आजार शरीरात खोल गेलेला असतो आणि त्यातून फार थोडे मासे वाचतात. त्याला वेगळ्या टबात हलवावे आणि मुख्य टाकीचे पाणी तपासावे.

वीज गेली किंवा गावी जायचे असेल तर

तासाभराची वीज गेली तर काही करावे लागत नाही. त्याहून लांबल्यास सेलवर चालणारा एअर पंप लावावा, आणि तो नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी मगाने टाकीतलेच पाणी उचलून फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे. बरेच तास फिल्टर बंद राहिला असेल, तर वीज आल्यावर तो सुरू करण्यापूर्वी त्याचा स्पंज टाकीच्या काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा.

मासे सांभाळणे पुढे जमेनासे झाले, तर ते दुकानात परत द्यावेत किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्यावेत. नदीत, विहिरीत किंवा तलावात सोडू नयेत, कारण तिथे ते तळ उकरून पाणी गढूळ करतात आणि आपल्याबरोबरचे रोग स्थानिक माशांना देतात.

गणपतीला चार-पाच दिवस गावी जायचे असेल, तर निरोगी मोठ्या माशांना खाद्याशिवाय ठेवले तरी चालते. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदलावे आणि नेहमीपेक्षा जास्त खाद्य मुळीच घालू नये. आठवड्याहून जास्त दिवस लागणार असतील आणि शेजारच्या काकू खाद्य घालणार असतील, तर दिवसाआड एक या हिशेबाने गोळ्या मोजून कागदाच्या पुड्या बांधाव्यात, प्रत्येक पुडीवर तारीख घालावी आणि खाद्याचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावावे. परतल्यावर आधी अमोनिया तपासावा, मग डबा बाहेर काढावा.